घरासाठी किती केव्हीएचा जनरेटर? बोअर, ए.सी. आणि ऑक्सिजनचं मशीन धरून सल्ला हवा

दुधनाकाठ, सेलू

नमस्कार मंडळी. गावातल्या घरासाठी जनरेटर घ्यायचाय. परभणीच्या एका दुकानात ७.५ केव्हीए डिझेलच घ्या म्हणायलेत, दुसऱ्या दुकानात ३ केव्हीए पेट्रोल भरपूर झालं म्हणतात. दोघांच्या आकड्यांत अडीच पटीचा फरक, त्यामुळं इथं विचारतोय.

घर खाली-वर मिळून सहा खोल्यांचं, कनेक्शन सिंगल फेज. लोड असा: ९ वॅटचे १२ दिवे, साधे पंखे ६, डबल डोअर फ्रिज, टीव्ही, राउटर, आरओ, पत्र्याचे कूलर २, दीड टनाचा इन्व्हर्टर ए.सी. एक. बोअरमध्ये दीड एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल, ४०० फूट. टँकरच्या पाण्यासाठी हौद आहे, त्यावर अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक. वर २००० लिटरची टाकी. सध्या ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी आहे.

महत्त्वाचं म्हणजे वडिलांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, ५ लिटरवालं. डॉक्टरांनी २ लिटरवर ठेवायला सांगितलंय आणि ते जवळजवळ दिवसभर चालू असतं. उन्हाळ्यात संध्याकाळी दोन-तीन तास लाईट जाते. पावसाळ्यात वादळात तार तुटली किंवा डीपी जळाली तर एक-दोन दिवस येत नाही.

किती केव्हीए घेऊ? डिझेल की पेट्रोल? आणि जोडणीत काय सांभाळायचं?

टाँग_टेस्टर, लातूर

दोन्ही दुकानदारांचं आपापल्या परीनं बरोबर आहे. एकानं तुमचा बोअर हिशेबात धरलाय, दुसऱ्यानं सोडलाय. आपल्या भागात जनरेटरचा आकार दिवे-पंखे ठरवत नाहीत, पाण्याची मोटार ठरवते. म्हणून आधी ठरवा की बोअर जनरेटरवर चालवायचाच आहे का. बाकीची बेरीज त्यानंतर.

बेरीज अशी. दिवे १०८ वॅट, पंखे ७५ प्रमाणे ४५०, फ्रिज चालू असताना १५०, टीव्ही आणि राउटर ११०, ऑक्सिजन मशीन ३५०, इन्व्हर्टरचं चार्जिंग २५०, आरओ ५०. हे झाले १,४६८ वॅट. त्यात दोन कूलर २०० प्रमाणे धरा, म्हणजे १,८६८. पत्र्याच्या कूलरवर नेम प्लेट बहुधा नसते आणि पंप-पंखा रिवाइंड केलेला असला तर तो जास्तही ओढतो. टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं मीटर) लावून अँपिअर बघा, अंदाजावर जाऊ नका. इन्व्हर्टरचं चार्जिंग लोक हमखास विसरतात आणि ते नेमकं लाईट बराच वेळ गेल्यावरच सगळ्यात जास्त असतं.

ए.सी.वर १,५०० वॅट लिहिलेलं असेल, पण तो आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा. परभणीच्या मे महिन्यात ४२-४३ ला तोच ए.सी. पूर्ण क्षमतेवर जास्त ओढतो. १,८०० धरा. इन्व्हर्टर ए.सी. हळूहळू वेग घेतो, त्यामुळं सुरू होतानाच्या झटक्याची काळजी नाही. जुना, साध्या कॉम्प्रेसरचा ए.सी. असता तर सुरू होताना ३५-४० अँपिअर मागितले असते आणि सगळा हिशेबच बदलला असता.

आता मोटारी. दीड एचपी म्हणजे शाफ्टवर १,११९ वॅट. सिंगल फेज सबमर्सिबलची कार्यक्षमता ६०-६५ टक्क्यांच्या घरात, म्हणून लाइनीतून १,८०० वॅटच्या आसपास आणि ९-१० अँपिअर जातात. सुरू होताना हेच चार-साडेचार पट होतं, म्हणजे ४० अँपिअर. ५ केव्हीए जनरेटरचा पूर्ण करंट २१.७ अँपिअर. अर्धा-एक सेकंद का होईना, दुप्पट मागणी आली की व्होल्टेज खाली बसतं. मोटारीला सुरू व्हायला निदान ६५ टक्के व्होल्टेज लागतं, म्हणजे २३० चे १५०. त्याखाली गेलं की रोटर फिरत नाही, नुसती घुंई ऐकू येते, ओव्हरलोड ट्रिप होतो आणि तो बिघडलेला असला तर वाइंडिंग जातं. म्हणून साध्या, एव्हीआरवाल्या (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं सर्किट असलेल्या) जनरेटरवर दीड एचपी सबमर्सिबलला सव्वासहा ते साडेसात केव्हीए लागतो. १ एचपीला ५ केव्हीए. तुमच्या दुकानदाराचं ७.५ इथून आलंय.

पण उरलेल्या वेळेचं काय? ७.५ केव्हीए, ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएतला खरा कामाला येणारा हिस्सा) म्हणजे ६ किलोवॅट. रात्री तुमच्याकडं ऑक्सिजन मशीन, तीन पंखे, फ्रिज आणि एक-दोन दिवे चालतील, मिळून ७५० वॅट. म्हणजे साडेबारा टक्के लोड. डिझेल इंजिन ३० टक्क्यांखाली तासन् तास चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, रिंगांवर आणि नोझलवर कार्बन बसतो आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं. मग इंजिन ताकद सोडतं, ऑइल खातं. दोन-तीन सीझनमध्ये ओव्हरहॉलिंगला आलेली घरगुती डिझेल मशिनं बहुतेक अशी गरजेपेक्षा मोठी घेतलेली असतात.

माझं मत: बोअर जनरेटरच्या हिशेबातून काढा. वर २००० लिटरची टाकी आहे, खाली हौद आहे. लाईट असताना बोअरनं हौद भरून ठेवायचा आणि लाईट नसताना अर्ध्या एचपीनं वर चढवायचं. ती मोनोब्लॉक ६०० वॅटवर चालते आणि सुरू होताना १२-१५ अँपिअर मागते, हे ५ केव्हीएला सहज झेपतं. दोन दिवस लाईट नसली तरी घरच्या वापराला हौद आणि टाकी मिळून पाणी पुरतं.

म्हणून ५ केव्हीए. ३ केव्हीएत ए.सी. बसत नाही, कूलरसकटही तो काठावर येतो.

दुधनाकाठ, सेलू

फार उपयोगी. दोन शंका. ५ केव्हीए म्हणजे खरे किती वॅट मिळतात? आणि पॅम्फ्लेटवर मॅक्स आणि रेटेड असे दोन आकडे असतात, कुठला धरायचा?

टाँग_टेस्टर, लातूर

रेटेडच धरायचा. मॅक्स हा थोड्या वेळापुरता असतो, त्यावर मशीन चालवायचं नसतं.

केव्हीएला पॉवर फॅक्टरनं गुणा. नेम प्लेटवर ०.८ असेल तर ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट. काही सिंगल फेज पेट्रोल मशिनांवर पॉवर फॅक्टर १ लिहिलेला असतो. तिथं केव्हीए आणि किलोवॅट सारखेच, पण इंजिन तेवढं ओढतं का हे एचपीवरून पडताळा. एक किलोवॅट बाहेर काढायला लहान इंजिनाला दोन एचपीच्या आसपास लागतात. इंजिन ८ एचपीचं आणि पाटीवर ५.५ किलोवॅट, असं दिसलं तर ती पाटी बाजूला ठेवा.

मग उन्हाची आणि उंचीची वजावट. दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का, आणि २५ अंशांच्या वर दर साडेपाच अंशांना एक टक्का. सेलूकडं उंची जास्त नाही. संभाजीनगरला ५६८ मीटर, तिथं तेवढ्यानंच पाच-सहा टक्के जातात. तुमच्याकडं मे महिन्यात दोन्ही मिळून ८-१० टक्के धरा. ४ किलोवॅटचे ३.६ राहिले. एअरकूल्ड मशीन सलग चालवायचं तर ८० टक्क्यांवर ठेवायचं, म्हणजे २.९ किलोवॅट हाताशी.

आता तपासा. ए.सी. लावला की दोन्ही कूलर बंद आणि तीन पंखे बंद: १,८६८ मधून ४०० आणि २२५ गेले, १,८०० आले, झाले ३,०४३. बॅटरी भरत आली की चार्जरचे २५० कमी होऊन २,७९३. बसतं, पण फार सैल नाही. ए.सी.ला क्षमता ६० किंवा ८० टक्क्यांवर आणायची सोय रिमोटवर असेल तर जनरेटरवर असताना ती वापरा. ए.सी. चालू असताना मिक्सर, इस्त्री, गीझर नाही. गीझर तर कधीच नाही, एकटा २,००० वॅट खातो आणि ते काम चुलीवर किंवा गॅसवर होतं.

काळी_रेगड, वसमत

ऑक्सिजनचं मशीन आहे म्हणून हे सविस्तर लिहितो. इतर लोड दोन मिनिटं थांबला तर चालतं, हा नाही.

लाईट गेल्यापासून जनरेटर सुरू होऊन चेंजओव्हर (घर लाइनीवरून जनरेटरवर नेणारा स्विच) पडेपर्यंत, माणूस घरात असला तरी, पाच-सात मिनिटं जातात. रात्री जास्त. शिवाय मशीन बंद होऊन परत सुरू झालं की ऑक्सिजनची शुद्धता पूर्ववत व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणून ते मशीन इन्व्हर्टरवरच हवं आणि इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्ह (लाइनीसारखी गुळगुळीत लहर देणारा) हवा. तुमचा जुना स्क्वेअरवेव्ह असेल तर आधी तो बदला. स्क्वेअरवेव्हवर कॉम्प्रेसरची मोटार तापते, घुंईचा आवाज वाढतो आणि मशीन मध्येच अलार्म देतं. जनरेटर घ्यायच्या आधी हा खर्च करा.

एक १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. ती पूर्ण उतरवायची नाही आणि इन्व्हर्टरमध्येही थोडं जातं, म्हणून हातात १,१०० ते १,२०० येतात. ऑक्सिजन मशीन ३५०, दोन पंखे १५० आणि ३० वॅट दिवे, असे ५३० चालवले तर दोन तास, तेही बॅटरी तब्येतीनं चांगली असेल तर. तीन वर्षं झालेली असेल तर एक तासच धरा. २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर केला तर चार तास निघतात. तुमची संध्याकाळची दोन-तीन तासांची लाईट नसलेली वेळ त्यात जनरेटर न लावताच निघून जाते. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) केले तर एका पंख्यामागं ४० वॅट वाचतात, म्हणजे दोन पंख्यांत ८०. दोन बॅटऱ्यांवर हा फरक अर्ध्या तासापेक्षा जास्त दिसतो. दोन बॅटऱ्या केल्या की चार्जिंगचा लोडही ५०० वॅटपर्यंत जातो, वरच्या बेरजेत तो वाढवून घ्या.

दीर्घ वेळ लाईट नसेल तेव्हा जनरेटर रात्रभर चालवायचा नाही. संध्याकाळी दोन-तीन तास भरल्या लोडवर चालवा, बॅटऱ्या जेवढ्या भरतील तेवढ्या भरून घ्या, पाणी चढवा, फ्रिज थंड करून घ्या. मग बंद करून बॅटरीवर या. बॅटऱ्या उतरायच्या आतच परत चालवा, वरचे चार तास पूर्ण भरलेल्या बॅटऱ्यांचे आहेत. इंजिन नीट तापतं, तेल कमी जळतं, झोपेच्या वेळी आवाज नाही. फ्रिजचं दार उघडलं नाही तर चार तास आतलं काही बिघडत नाही.

आणि सिलिंडर. यंत्र, बॅटरी, जनरेटर तिन्ही एकाच वेळी बसू शकतात, म्हणून भरलेला बी टाइप सिलिंडर, रेग्युलेटर आणि फ्लोमीटर लावून तयार ठेवा. त्यात साधारण १,५०० लिटर असतात, २ लिटरवर बारा तास. पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा. सिलिंडर जनरेटरच्या आणि पेट्रोलच्या कॅनच्या जवळपासही नको.

गोदाथडी, नांदेड

जोडणीबद्दल. मशीन चांगलं घेतात आणि जोडणी भलतीच करतात, असं फार बघायला मिळतं, म्हणून खडसावूनच सांगतो.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची लाईट घरातल्या सॉकेटमध्ये उलटी सोडतात, ते कधीही, कुठल्याही अडचणीत करायचं नाही. मेन स्विच पाडायचा राहिला की तुमचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरनं डीपीपर्यंत जातात आणि ट्रान्सफॉर्मर उलटा चालून वर ११ हजारांची लाइन जिवंत होते. तिथं लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. वादळानंतर लाइनी दुरुस्त करणाऱ्यांचे जीव असे जातात.

त्यासाठी चेंजओव्हर स्विच. तुमचं सिंगल फेज, म्हणून टू पोल, ४० अँपिअरचा. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. एकटा फेज बदलणारा सिंगल पोल चेंजओव्हर बसवायचा नाही, नाहीतर न्यूट्रल महावितरणच्या लाइनीला जोडलेलाच राहतो. मीटर, मग मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), मग चेंजओव्हर, मग घरातला डीबी (लाईट वाटणारा बोर्ड), या क्रमानं. इन्व्हर्टर चेंजओव्हरनंतर येतो. ऑटोमॅटिक चेंजओव्हर सेल्फ स्टार्ट मशिनाबरोबर बसतो, पण घरी समजदार माणूस असेल तर हाताचा जास्त भरवशाचा.

केबल: ५ केव्हीएला २० मीटरपर्यंत ४ चौ. मिमी तांबं चालतं, २२ अँपिअरवर पाच व्होल्टच्या आत पडतात. त्याहून लांब असेल तर ६ चौ. मिमी. अडीच चौ. मिमीची वायर लोक टाकतात, २० मीटरवर तीत आठ व्होल्ट जातात आणि ती तापते. अ‍ॅल्युमिनियम टाकायची तर एक साइज वरची. जनरेटरच्या बाजूला २० अँपिअरचा एमसीबी.

अर्थिंगला मी जास्त जागा देतो, कारण आपली काळी जमीन इथं फसवते. पावसाळ्यात तिच्यात अर्थिंग उत्तम मिळतं. मार्च-एप्रिलला तीच जमीन आक्रसते, भेगा पडतात, पाइपाभोवतीची माती सुटते आणि रेझिस्टन्स चढतो. जनरेटर सगळ्यात जास्त लागतो तो त्याच दिवसांत. जनरेटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ द्या. ४० मिमीचा जीआय पाइप, निदान अडीच मीटर खोल, भोवती बेंटोनाइट नाहीतर कोळसा-मीठ, आणि वर पाणी घालायला नरसाळ्याची सोय. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या. मुरमाड जागा असेल तर एका पाइपानं भागत नाही, तीन मीटर अंतरावर दुसरा टाकून जोडा. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत आणा, आणि मोजायचं ते मे महिन्यात. पावसाळ्यात मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही.

न्यूट्रलचंही बघा. लहान पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल आतून अर्थला जोडलेला नसतो. अशा मशिनावर घरातला आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नुसता शोभेला राहतो, कारण गळतीचा करंट परत जायला वाटच नसते. न्यूट्रलसुद्धा तुटणारा चेंजओव्हर बसवलाय याची खात्री करून, कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे, जनरेटरच्या टर्मिनलपाशी न्यूट्रल अर्थला जोडून घ्या. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण जनरेटरवर असताना दाबून बघा. पण ते बटण फेज-न्यूट्रलवर चालतं, त्यावरून अर्थ बरोबर असल्याचं कळत नाही. वायरमनकडून फेज ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, २३० च्या जवळ आलं पाहिजे.

गंगथडी_ऊस, गंगाखेड

यातच विचारून घेतो. घराला तीन फेज कनेक्शन आहे आणि शेतात ५ एचपीची तीन फेज सबमर्सिबल. एकाच जनरेटरवर दोन्ही होईल का?

टाँग_टेस्टर, लातूर

होईल, पण मग तो घरचा जनरेटर राहत नाही. ५ एचपी डायरेक्ट स्टार्टरवर असेल तर १५ ते २० केव्हीए तीन फेज लागतो. मोटारीच्या सहा तारा वर आलेल्या असतील आणि स्टार-डेल्टा (मोटार आधी कमी व्होल्टेजवर उचलणारा स्टार्टर) लावता आला तर सुरू होतानाचा करंट एक तृतीयांश होतो आणि १२.५ केव्हीएत काम भागतं. तीनच तारा असतील तर सॉफ्ट स्टार्टर नाहीतर व्हीएफडी (मोटारीचा वेग हळूहळू वाढवणारं यंत्र). एवढ्या मशिनावर घरचे दोन पंखे चालवणं म्हणजे डिझेल जाळून इंजिन खराब करणं. मोटारीसाठी ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) फिरणारा अल्टरनेटर बघा. १५ केव्हीएला ३५ एचपीचा ट्रॅक्टर लागतो, फक्त पीटीओचा वेग ५४० वर स्थिर राहिला पाहिजे. वेग उतरला की फ्रिक्वेन्सी उतरते आणि मोटार तापते.

घराचं तीन फेज सिंगल फेज जनरेटरवर घेताना चेंजओव्हरच्या जनरेटर बाजूला आर, वाय, बी हे तिन्ही फेज एकत्र जोडतात. ते चालतं, पण न्यूट्रल बघा. तीन फेजवर न्यूट्रलमधला करंट एकमेकांत बराचसा मिटतो, इथं तो बेरीज होतो. तिन्ही फेजवर प्रत्येकी ८ अँपिअर असतील तर न्यूट्रलमधून २४ जातील. न्यूट्रलची तार बारीक असेल तर तीच पहिल्यांदा जळते. चेंजओव्हर फोर पोल घ्या.

काळी_रेगड, वसमत

डिझेल की पेट्रोल याचं उत्तर तासांवर ठरतं. २ किलोवॅटच्या लोडवर ५ केव्हीए पेट्रोल मशीन तासाला सव्वा लिटरच्या आसपास घेतं, डिझेल एक लिटर किंवा थोडं कमी. वर्षाला शंभर तासांच्या आत वापर असेल तर डिझेलची जादा किंमत आणि वजन त्यातून निघत नाही. तुमच्याकडं दोन बॅटऱ्या केल्या तर वापर त्या शंभर तासांतच बसतो. मी पेट्रोल म्हणेन. रोजची चार-पाच तासांची भारनियमनाची गोष्ट असती तर डिझेल म्हटलं असतं.

पेट्रोलमध्ये एक अडचण आहे, ते साठवून टिकत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. महिन्याहून जास्त वेळ मशीन उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. हे केलं नाही तर जेटमध्ये चिकट थर बसतो आणि नेमक्या वादळाच्या रात्री दोरी ओढून हात दुखतो. महिन्यातून एकदा वीस मिनिटं, अर्ध्या लोडवर चालवा. बिनलोड चालवून उपयोग नाही.

ऑइल पहिल्यांदा २० तासांनी बदला, त्यानंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. आपल्याकडं पेरणीआधीच्या धुळीत एअर फिल्टर ५० तासांनीच साफ करा. सलग चालवताना दर आठ तासांनी थांबवून ऑइलची पातळी बघा. लो ऑइल सेन्सर इंजिन बंद करतो, आणि मध्यरात्री ते बंद पडलेलं कोणाच्या लक्षात येत नाही. गरम इंजिनात पेट्रोल भरायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं.

डिझेलच घेणार असाल तर १ जुलै २०२३ पासून नव्या मशिनांना लागू झालेल्या सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) ४ प्लस नियमांची पाटी बघून घ्या. जुना माल स्वस्तात देतात. कॅनोपीचा (मशीनवरच्या आवाज रोखणाऱ्या डब्याचा) आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा.

ठेवायची जागा: ओसरी, जिना, बंद पडवी, गोठा, यांपैकी कुठंही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही आणि झोपेत माणूस जातो. दारं-खिडक्यांपासून सहा मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वर पत्र्याचं छत आणि चारी बाजू मोकळ्या. तुमच्याकडं श्वासाचा रुग्ण आहे, म्हणून धुराचं तोंड त्यांच्या खोलीच्या विरुद्ध दिशेला पाहिजेच.

दुधनाकाठ, सेलू

आता चित्र स्पष्ट झालं. ५ केव्हीए पेट्रोल, २४ व्होल्टचा साइनवेव्ह इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या, सिलिंडर. तीन गोष्टी राहिल्या. शेजारी म्हणाले की त्यांचा इन्व्हर्टर जनरेटरवर चार्जच होत नाही. पुढच्या वर्षी छतावर सूर्यघर योजनेतून सोलर बसवायचंय, त्याचं आणि जनरेटरचं जमेल का? आणि अगदी अडलंच तर बोअर ५ केव्हीएवर एकदा चालवून बघता येईल का?

गोदाथडी, नांदेड

शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असेल. यूपीएसवर तो साधारण १८० ते २६० व्होल्टच घेतो आणि फ्रिक्वेन्सीही काटेकोर बघतो. लहान जनरेटर बिनलोड ५२ हर्ट्झवर असतो, लोड आला की ५० वर उतरतो, फ्रिज सुरू झाला की क्षणभर अजून खाली. प्रत्येक वेळी इन्व्हर्टर लाईट गेली असं समजून बॅटरीवर जातो. जनरेटरवर असताना खटका नॉर्मलवर करा. तरी जमलं नाही तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) बिनलोड ५२ पेक्षा वर लावलाय का ते मेकॅनिककडून मोजून घ्या. नवा इन्व्हर्टर घेताना जनरेटर मोड आहे का हे विचारूनच घ्या.

सोलर: योजनेतला ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनीवरच चालणारा) इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतः बंद होतो, दुपारी ऊन असलं तरी. तो चेंजओव्हरच्या आधी, महावितरणच्या बाजूलाच जोडा. घराच्या डीबीत जोडला तर जनरेटर सुरू झाल्यावर त्याला तीच लाइन वाटून सोलर चालू होऊ शकतं. घरात लोड कमी असला की जास्तीची वीज जनरेटरमध्ये घुसते, व्होल्टेज चढतं, आणि एव्हीआर आणि घरातली उपकरणं दोन्ही जातात. सोलर बसवणाऱ्याला जनरेटर आहे हे पहिल्याच दिवशी सांगा. दिवसा लाईट नसतानाही सोलर हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा.

टाँग_टेस्टर, लातूर

बोअरचं सांगतो. बघता येईल, पण मशीन विकत घेण्याआधी. दुकानदाराला सांगा, मशीन घरी आणून मोटार चालवून दाखवा, मगच पैसे. बहुतेक जण ऐकतात.

आधी पॅनलमधले कपॅसिटर तपासा. रन कपॅसिटर उतरलेला असेल तर लाइनीवर मोटार कशीबशी उचलते, जनरेटरवर उचलत नाही, आणि दोष विनाकारण जनरेटरवर जातो. मीटरवर मोजून तो छापलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला, खर्च किरकोळ आहे. मग घरातला सगळा लोड पाडा. जनरेटर तीन मिनिटं बिनलोड तापू द्या, व्होल्टेज २३० ते २४० बघा. चेंजओव्हर टाका आणि एकटी मोटार सुरू करा. एक जण टाँग टेस्टर आणि मीटर धरून उभा राहील. व्होल्टेज १५० च्या खाली न जाता एका सेकंदात परत २२० च्या वर आलं आणि करंट १० अँपिअरवर बसला तर जमलं. दोन सेकंदांत उचलली नाही तर लगेच बंद करा, पाच मिनिटं थांबा, जास्तीत जास्त अजून एकदा बघा. वारंवार प्रयत्न केला तर स्टार्ट कपॅसिटर फुटतो. मोटार वेगात आल्यावर बाकी लोड एकेक करून चढवा, फ्रिज सगळ्यात शेवटी.

बंद करताना क्रम उलटा. आधी मोटार बंद, मग जनरेटर. सबमर्सिबल चालू ठेवून जनरेटर बंद केला किंवा पेट्रोल संपून तो आपोआप बसला, तर मोटार उतरत्या व्होल्टेजवर हळू फिरत राहते. तिच्या थ्रस्ट बेअरिंगला पाण्याचा थर वेगावरच मिळतो, वेग गेला की ते घासतं. ४०० फुटांवरून मोटार वर काढायचा खर्च लक्षात घेता, बोअर चालवायच्या आधी पेट्रोलची टाकी निदान अर्धी असली पाहिजे.